चाऱ्याचा कस, प्रकाशाच्या कसोटीवर

उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. इंग्रजी राजवटीच्या वनकायद्यांनी गवत आणि सरपण यांवरचा गावकऱ्यांचा जुना हक्क आक्रसला होता. ते कायदे मोडण्यासाठी लोक अक्कादेवीच्या रानात शिरले आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रहींना हौतात्म्य आले. जनावराला चारा मिळणार की नाही, हा तेव्हाचा प्रश्न होता. त्यानंतर उरण-पनवेल पट्ट्यातील भातखाचरांचे मोठे क्षेत्र बंदर, रस्ते आणि वसाहतींखाली गेले. ज्यांच्या दावणीला अजून जनावर आहे, त्यांची भिस्त भाताच्या पेंढ्यावर आणि विकतच्या खाद्यावर आहे. विकत घ्यायचे म्हटले की प्रश्न बदलतो: या पेंढ्यात, या पोत्यात नेमके आहे तरी काय?

दुधाच्या उत्पादनखर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो. तरीही चारा आजवर नजरेने, वासाने आणि हाताने पारखला जातो. कडब्याचे ताट चावून गोडी पाहायची, पेंड मुठीत दाबून ओल ओळखायची. प्रयोगशाळेची वाट अचूक, पण लांबची आहे. प्रथिनांसाठी नमुना गंधकाम्लात उकळून त्यातील नत्र मोजायची रीत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. पचनीयता पाहायची तर जनावराच्या कोटीपोटातील द्रवात नमुना ४८ तास ठेवावा लागतो. अहवाल हाती येईपर्यंत गंजीतला पेंढा जनावराच्या पोटात गेलेला असतो.

या अडचणीवर प्रकाशाचा तोडगा निघाला. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडे अवरक्त किरण आहेत, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये दाखविले. त्यातला ७८० ते २५०० नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाला लागून असलेला पट्टा म्हणजे निकट-अवरक्त, इंग्रजी आद्याक्षरांत ‘एनआयआर’. हा प्रकाश चाऱ्याच्या भुकटीवर पडला की त्यातील पाणी, प्रथिने, तंतू आणि स्निग्धांश यांचे रेणू आपापल्या लहरी शोषून घेतात. उरलेला प्रकाश परत फिरतो. पाण्याची खूण १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास ठळक उमटते. हिरव्या चाऱ्यात पाणीच इतके असते की त्याच्या खुणेखाली बाकीच्या खुणा झाकोळतात. म्हणून नमुना वाळवून, दळून, बारीक चाळणीतून काढून मगच यंत्रात ठेवतात. पुढचे काम मिनिटभराचे. आम्ल नको, उकळणे नको, आणि नमुनाही शाबूत राहतो.

अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातील कार्ल नॉरिस यांनी ही पद्धत प्रथम धान्यातील ओलाव्यासाठी वापरली. चाऱ्याची गुणवत्ता अशा रीतीने सांगता येते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या शोधनिबंधात मांडले.

मात्र यंत्र स्वतःहून काहीच जाणत नाही, आणि सारी मेख येथेच आहे. त्याला फक्त परतलेल्या प्रकाशाचा आलेख दिसतो. त्या आलेखाचा अर्थ प्रथिने ४ टक्के की ६, हे शिकविण्यासाठी शेकडो नमुने आधी जुन्या रासायनिक पद्धतीने तपासावे लागतात आणि संख्याशास्त्राने दोहोंची सांगड घालावी लागते. याला अंशांकन म्हणतात. परदेशी लसूणघासावर आणि मक्याच्या मुरघासावर शिकलेले यंत्र कोकणातील पेंढ्यापुढे ठेवले, तर ते आकडा देईल. तो खरा असेलच असे नाही. आकडा छापील असल्याने त्यावर विश्वास मात्र लवकर बसतो.

भाताच्या पेंढ्याची गोष्ट तर आणखी अवघड. त्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के, आणि पचनाला आडवी येणारी सिलिका भरपूर. सिलिकेसारखी खनिजे या पट्ट्यातील प्रकाश थेट शोषत नाहीत. त्यांचा अंदाज इतर घटकांशी असलेल्या नात्यावरून, आडवाटेने बांधावा लागतो. स्थानिक नमुन्यांवाचून ही आडवाट सापडत नाही.

कोरडवाहू ज्वारीच्या बाबतीत मात्र हे काम देशात झाले आहे. हैदराबादजवळ पटानचेरू येथे आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ज्वारी-बाजरीसारख्या पिकांच्या कडब्यासाठी ‘एनआयआर’चे अंशांकन तयार केले. त्यामुळे वाण निवडताना दाण्याच्या उताऱ्यासोबत कडब्याचा कसही पाहणे शक्य झाले. सोलापूरकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मोहोळच्या मालदांडीची कीर्ती भाकरीइतकीच कडब्यासाठीही आहे. याच संस्थेचे मायकेल ब्लुमेल यांनी पी. पार्थसारथी राव यांच्यासह हैदराबादच्या कडबा बाजाराचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. ४७ आणि ५२ टक्के पचनीयतेच्या कडब्यांत, म्हणजे अवघ्या पाच गुणांच्या फरकाने, भावात सुमारे २५ टक्क्यांची तफावत दिसली. व्यापाऱ्यांकडे यंत्र नव्हते. त्यांची नजरच एवढी तयार की प्रयोगशाळेने नंतर तिला दुजोरा द्यावा. यंत्राची खरी गरज आहे ती अशी नजर नसलेल्या गिऱ्हाइकाला.

पोत्यातल्या खाद्यापुढे तर तयार नजरही हरते. केल्डाल पद्धत नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने ठरविते. नत्र पेंडीतून आले की युरियातून, हे तिला कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे १०० किलो खाद्यात किलोभर युरिया मिसळला की कागदावरची प्रथिने जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. रवंथ करणारी जनावरे थोडा युरिया पचवितात, पण वासरांना आणि उपाशी जनावरांना तो घातक ठरू शकतो. मेलामाइनने हीच फसवणूक २००८ मध्ये चीनमध्ये बालकांच्या दुधापर्यंत नेली. प्रकाशाच्या आलेखात युरियाची खूण प्रथिनांहून निराळी असते. भेसळीचे नमुने दाखवून यंत्राला शिकविले असेल, तर ती पकडता येते.

बुरशीच्या विषापुढे मात्र ‘एनआयआर’ लंगडे पडते. सरकी, शेंगदाणा पेंड आणि मका यांत होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन बी-१ ची पशुखाद्यातील भारतीय मानकाची मर्यादा अब्जात २० भाग आहे. ही पद्धत साधारणपणे हजारात एक भागाच्या खाली डोळसपणे पाहू शकत नाही. तेच विष रूप बदलून एम-१ म्हणून दुधात उतरते आणि दूध उकळल्याने जात नाही. दुधातील मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. यासाठी प्रकाशाचाच दुसरा प्रकार वापरात आहे: ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बुरशी लागलेली सरकी वा मका हिरवट-पिवळा चमकतो. ही चमक विषाची नसून त्याच बुरशीच्या दुसऱ्या पदार्थापासून येते. त्यामुळे तिच्यावरून माल संशयित ठरतो, दोषी नव्हे. निकालासाठी रासायनिक चाचणी लागतेच.

अलीकडे खिशात मावणारी यंत्रे आली आहेत. त्यांतली काही स्वस्त यंत्रे जेमतेम ७४० ते १०७० नॅनोमीटरचा तुकडा पाहतात, जिथे खुणा फिक्या आणि एकमेकींत मिसळलेल्या असतात. ओलावा आणि प्रथिने यांचा ठोकळ अंदाज मिळतो. बारीक फरकावर भाव ठरवायचा तर मोठेच यंत्र हवे.

यंत्र कोणतेही असो, त्याच्या पेल्यात काही ग्रॅमच भुकटी मावते. ट्रकभर पेंढ्यातून वरची एक मूठ उचलून दिली, तर अहवाल त्या मुठीचा असतो. म्हणून गंजीच्या वरून, मधून आणि तळातून निरनिराळ्या पेंढ्या काढाव्यात, त्यांची कुट्टी करून एकत्र मिसळावी आणि त्यातला थोडा भाग कोरड्या पिशवीत पाठवावा. अहवाल आल्यावर टक्केवारी ओल्या वजनावर काढली आहे की कोरड्या, हे आधी विचारावे. दोन विक्रेत्यांच्या आकड्यांची तुलना त्याशिवाय होत नाही.