सोनेरी कपाटामागचा पारा

जुनं फ्रेंच शोभेचं कपाट फोटोत पाहिलं की नजर आधी त्याच्या कडेच्या सोनेरी वेलबुट्टीवर जाते. मीही तेच बघायचो. मग तो मुलामा कसा चढवायचे ते वाचलं. सोनं पाऱ्यात कालवायचं, कांस्याच्या नक्षीला फासायचं, भट्टीवर तापवायचं. पारा उडायचा, सोनं राहायचं. उडालेला पारा जायचा कारागिराच्या छातीत. हात कापायचे, दात पडायचे.

पॅरिसमध्ये असंच कांस्यकाम करवून घेणारा राव्रिओ १८१४ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्यानं ३,००० फ्रँक ठेवले, मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवेल त्याच्यासाठी. (मालकानं, बरं का!) १८१८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ दार्सेनं ते बक्षीस मिळवलं. उपाय साधाच: शेजारी आणखी एक छोटी भट्टी पेटवायची, तिच्या ओढीनं विषारी वाफ चिमणीतून वर.