अवमान कुणाचा? महाडचा मनाईहुकूम ते शिक्षकाची बदली

बदलीची फाइल घेऊन येणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक हल्ली एक वाक्य हमखास बोलतो, "हायकोर्टाची ऑर्डर आहे, तरी ऐकत नाहीत. आता सीईओवर कंटेम्प्टच टाकतो." त्याच्या आवाजात राग असतो आणि थोडी आशाही. साहेबाला कोर्टात उभे केले की बदली मिळेल, अशी ती आशा. मी वकील नाही. पण आपल्या लोकांच्या ऑर्डरी वाचून वाचून एक गोष्ट कळली आहे. बहुतेक ऑर्डरींत बदली द्या असे लिहिलेलेच नसते. याचिकाकर्त्याच्या निवेदनावर अमुक आठवड्यांत कायद्यानुसार निर्णय घ्या, एवढेच असते आणि याचिका निकाली निघालेली असते. मग अवमान झाला तो कशाचा?

हा प्रश्न आपल्याला इतिहासात मागे जाऊन तपासावा लागेल, कारण आदेश आणि अंमल यांच्यातली दरी आपल्या समाजाने फार जवळून पाहिली आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. म्हणजे कागदावर खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर कुणी जाऊ शकले नाही. ठराव न पाळणाऱ्याला शिक्षा कोण करणार, हे ठरावात नव्हतेच. तो ठराव पायांनी अमलात आणायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

पुढचा भाग आपण भाषणांत घाईघाईने उरकतो. डिसेंबरमध्ये सत्याग्रह ठरला तेव्हा महाडचे सनातनी दिवाणी कोर्टात गेले. तळे खासगी आहे, असा त्यांचा दावा. १४ डिसेंबर १९२७ ला कोर्टाने बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, सत्याग्रहासाठी हजारो लोकांनी नावे नोंदवली. तुरुंगात जायला माणसे तयार होती. स्वतः बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांनी त्या हजारोंना समजावले आणि सत्याग्रह तहकूब केला. २७ तारखेला मिरवणूक तळ्याभोवती फिरली. पाण्याला कुणी हात लावला नाही.

विचार करा, मित्रांनो. तो आदेश अन्यायाचा होता. एका बाजूचे ऐकून दिलेला होता. तरी पाळला गेला. लढाई सनातन्यांशी आहे, त्याच वेळी सरकार आणि न्यायालय अंगावर घ्यायचे नाही, हा बाबासाहेबांचा हिशेब होता. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, पण मूळ दावा चालतच राहिला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले, तेव्हा कुठे तो संपला. आपल्या विरोधातला आदेश दोन आठवड्यांच्या आत हजारो लोकांनी पाळला. आपल्या बाजूचा निकाल मिळायला मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

त्याच काळात, १९२६ मध्ये, ब्रिटिश सरकारने अवमानाचा पहिला कायदा केला होता. त्याआधी ही सत्ता उच्च न्यायालये अंगभूत म्हणून वापरत. १८८३ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींना संपादकीय लेखासाठी दोन महिने तुरुंगात घातले होते. १९२६ च्या कायद्याने शिक्षेची कमाल मर्यादा ठरवली: सहा महिने साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड. आज लागू असलेल्या १९७१ च्या कायद्यातही मर्यादा तीच आहे. १९२६ मध्ये दोन हजारांत काय यायचे आणि आज वर्ग एकच्या अधिकाऱ्याला दोन हजार म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

संविधान सभेत हा विषय २७ मे १९४९ ला आला. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिणारी दुरुस्ती खुद्द बाबासाहेबांनी मांडली. इंग्लंडमध्ये हा अधिकार रूढीतून आलेल्या कायद्यातून मिळतो, आपल्याकडे तसा आधार नाही, म्हणून संविधानातच लिहिलेला बरा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तोच आजचा अनुच्छेद १२९. उच्च न्यायालयांसाठी २१५. म्हणून अवमानाची तरतूद म्हणजे केवळ वरच्यांचे हत्यार आहे, असे आपल्यातले काही जण म्हणतात ते मला पटत नाही. ज्याच्याकडे पोलीस नाही, पैसा नाही, पाटीलकी नाही, त्याच्या हातातला कोर्टाचा कागद चालायचा असेल तर त्या कागदामागे शिक्षेची ताकद हवीच. प्रश्न ती कोणावर किती वापरली जाते हा आहे.

कल्याणसिंह यांचे उदाहरण घ्या. जुलै १९९२ मध्ये अयोध्येत वादग्रस्त जागेवर बांधकाम होऊ देणार नाही, अशी हमी असतानाही ते झाले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एक दिवसाची प्रतीकात्मक कैद आणि दोन हजार दंड केला. मशीद पाडण्याबाबतचे अवमान प्रकरण तर ऑगस्ट २०२२ मध्ये, बराच काळ उलटला म्हणून, बंदच झाले. दुसरीकडे २०१७ मध्ये न्यायमूर्ती कर्णन यांना पदावर असतानाच कमाल म्हणजे सहा महिन्यांची शिक्षा झाली. कर्णन यांचे आदेश आणि वर्तन यांचे समर्थन मी करणार नाही. पण शिक्षेचे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की डोळ्यांत भरतात. (कर्णन यांचे प्रकरण फौजदारी अवमानाच्या क्षेत्रातले आहे. निकाल विरोधात गेला म्हणून व्हॉट्सॲपवर न्यायाधीशांना विकले गेलेले ठरवणाऱ्या आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे. टीका तर्काने करा, हेतूवर जाऊ नका.)

आता बदलीकडे येऊ. शिक्षकाचा मामला दिवाणी अवमानाचा. त्यात आदेशाचा भंग जाणूनबुजून झाला हे दाखवावे लागते. आणि बदलीच्या बाबतीत न्यायालयांची भूमिका अनेक दशके एकाच दिशेने गेली आहे. बिहारमधल्या प्राथमिक शिक्षिकांचा शिल्पी बोस खटला या बाबतीत पायाभूत मानला जातो. पतीच्या गावी बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले, बदल्या झाल्या, त्यामुळे हललेले शिक्षक कोर्टात गेले, पाटणा उच्च न्यायालयाने बदल्या रद्द केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. बदलीपात्र नोकराला अमुक ठिकाणीच राहण्याचा हक्क नाही आणि केवळ प्रशासकीय सूचनांचा भंग झाला म्हणून कोर्टाने सहसा हात घालू नये, असे तत्त्व ठरले. १९९३ च्या एस. एल. अब्बास निकालाने पती-पत्नी एकत्र ठेवण्याच्या सूचनांना कायद्याचे बळ नाही असे सांगितले. २०२१ मध्ये नम्रता वर्मा या अध्यापिकेच्या प्रकरणात, अमुकच ठिकाणी बदली द्या असा आग्रह कर्मचाऱ्याला धरता येत नाही, असे पुन्हा म्हटले गेले. २०२२ च्या नौशाद रहमान निकालात मात्र बदलीचे धोरण आखताना कुटुंबजीवन, स्त्रिया आणि अपंग कर्मचारी यांचा विचार राज्याने करायला हवा, हे आले. वकिलाला तो निकाल जरूर दाखवा.

यातून काय होते? मूळ हक्कच कमकुवत, म्हणून कोर्ट बदलीचा आदेश न देता निवेदनावर निर्णय घ्यायला सांगते. मुदत उलटते. शिक्षक अवमान याचिका टाकतो. नोटीस निघताच कार्यालयात धावपळ होते आणि दोन पानी पत्र येते: आपले निवेदन विचारात घेतले, रिक्त जागा नसल्याने अमान्य. उशिराबद्दल माफी मागितली जाते, याचिका निकाली. १९९६ च्या जे. एस. परिहार निकालाने हे गणित पक्के केले आहे. आदेशानुसार अधिकाऱ्याने निर्णय घेतला की तो चूक असला तरी अवमान उरत नाही, त्याविरुद्ध नव्याने दाद मागायची. म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा फी, पुन्हा दुर्गम शाळेतून रजा काढून खंडपीठाची फेरी. २००६ च्या श्रीनिवास रेड्डी आणि २००८ च्या सी. जेकब या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेच अशा 'विचार करा' छापाच्या आदेशांतला गोंधळ दाखवून दिला आहे. तरी ते निघतच आहेत. १९२३ चा बोले ठराव आणि आजची 'विचार करा' ऑर्डर, दोन्हींत शब्द आपल्या बाजूचे आणि अंमल समोरच्याच्या मर्जीवर.

आपल्या शिक्षकांच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. आंतरजिल्हा बदलीत नुसती रिकामी जागा पुरत नाही, बिंदुनामावलीत त्या प्रवर्गाची जागा रिकामी असावी लागते. बिंदुनामावलीच अद्ययावत नसेल तर जागा आहे की नाही हेच कुणी सांगत नाही, आणि निवेदन फेटाळायला हे कारण आयते मिळते. कधी बदली मंजूर होते, पण रिक्त पदांचे कारण सांगून कार्यमुक्त केले जात नाही. यात कोर्टाकडे नेमके मागण्यासारखे काही आहे: बिंदुनामावली अमुक तारखेपर्यंत तपासून रिक्त जागा जाहीर करा, झालेल्या बदलीवर दोन आठवड्यांत कार्यमुक्त करा. असा आदेश मिळाला तर तो पाळला की नाही हे तारखेवरून कळते, दोन पानी पत्राने भागत नाही. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या एका आयएएस सचिवाला सर्वोच्च न्यायालयाने एक महिना कैद सुनावली, तीही एका अभियंत्याच्या सेवाप्रकरणात. तिथे आदेश विचार करण्याचा नव्हता, काय करायचे ते सांगणारा होता.

तेव्हा फाइल आणणाऱ्याने आधी ऑर्डरमधला शेवटचा परिच्छेद वाचून यावा. त्यात 'विचार करा' आहे की 'करा' आहे, ते पाहावे. ऑर्डरची प्रत कार्यालयात पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच सोबत ठेवावी, कारण आदेश माहीतच नव्हता हा बचाव पहिल्या तारखेला येतो. आणि भंग झाल्यापासून एक वर्षाच्या आत याचिका दाखल करावी लागते. १९७१ च्या कायद्याचे कलम २० तसे सांगते. संघटनेच्या आश्वासनांवर ते वर्ष गेलेल्या फाइलीही आमच्या कपाटात आहेत.