धक्का कुठे जातो? बंडीच्या तुंब्यापासून डिफरन्शियलच्या बुशपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत बुश कशाला? त्याचं कारण आधी सांगतो.

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण थांबला होता. मूळचा अकोल्याचा, नोकरीला पुण्यात. त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तो म्हणाला, "सर, डिफरन्शियलचे आणि सबफ्रेमचे रबरी बुश काढून ॲल्युमिनियमचे ठोस बुश टाकायचा विचार आहे. टाकू का?" मी म्हटलं, बाबा, मी इतिहास शिकवतो, हे गॅरेजवाल्याला विचार. तो म्हणाला, "तीन गॅरेजवाल्यांना विचारलं. तीन उत्तरं आली."

घरी गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न त्या पोराचा एकट्याचा नाही. आपल्या वऱ्हाडात तो पावणेदोनशे वर्षं तरी वेगवेगळ्या रूपांत विचारला गेलाय. चाकाला बसलेला धक्का कुठे जाऊ द्यायचा? तो मधेच जिरवायचा, की सरळ वर पोचू द्यायचा? आज त्याबद्दल बोलू.

बैलाच्या पाठीपासून बंडीपर्यंत

रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बाहेर कसा जायचा? बैलांच्या पाठीवर लादून. पाचशे मैलांहून लांब मिर्झापूरला, तिथून गंगेतून कलकत्त्याला. जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा माल पाठवला. म्हणजे चाक माहीत असूनही लांब पल्ल्याला चाक नको! याचं एक मोठं कारण आपल्या पायाखाली आहे. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अशा जमिनीवर चाकापेक्षा बैलाचा पाय बरा. खालच्या खाचखळग्यांचा सगळा हिशेब बैलाचे पाय आणि पाठ चुकते करत होते.

जवळच्या पल्ल्याला मात्र बंडी होतीच. बंडीचं चाक आठवा. मधे लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात एक लोखंडी नळी ठोकून बसवलेली, आणि तिच्यातून गेलेली आस. ही नळी म्हणजे आपला बुश. काम अगदी साधं: फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागाच्या मधे उभं राहायचं, झिजायचं ते आपण झिजायचं, तुंबा वाचवायचा. वंगण घातलं नाही तर ती किंचाळायची, ते वेगळं.

पण एक गोष्ट बघा. ही नळी आसेवर घट्ट बसवत नसत. थोडी ढिली ठेवत. चाक दोन्ही बाजूंना जरा हलायचं, म्हणून तर बंडीचा तो खडखडाट. हा ढिलेपणा म्हणजे सुताराचा हलगर्जीपणा नव्हे. चाकोरी वाकडीतिकडी असली की चाकाला हलायला जागा लागते. ती दिली नाही तर आरा मोडतो किंवा आस वाकते. लोखंडावर लोखंड, मधे मऊ असं काहीच नाही, पण हलायला जागा ठेवलेली.

आणि माणसांचं काय? लग्नाच्या वऱ्हाडाला न्यायला दमणी असायची. हलकी, वर छत, जोडी चपळ. तिला कमान नव्हती, स्प्रिंग नव्हती. मग खाली कुटार पसरायचं, वर गोधडी, आणि बसा. म्हणजे धक्का जिरवायची सोय आसेजवळ नव्हती, ती थेट बसणाऱ्याच्या खाली होती. आणि शंकरपटाची हलकी गाडी आठवा, तळेगाव दशासरच्या पटात धावते तशी. तिथे सेकंदावर निकाल लागतो, तिथे कुटारही नाही. वजन कमी, मऊपणा शून्य. हाकणाऱ्याने आपल्या गुडघ्यांत धक्का जिरवायचा. आमच्या त्या पोराला जी गाडी करायची आहे तिची ही वऱ्हाडी आजी!

रुळाखालचं रबर

१८६७ मध्ये जीआयपी रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. लोखंडी चाक, लोखंडी रूळ. मग धक्का कोण घेणार? खालचे लाकडी स्लीपर आणि त्याखालची खडी. लाकूड दबतं आणि परत वर येतं.

पुढे लाकूड महाग झालं, गाड्या जड आणि वेगवान झाल्या, आणि सिमेंट काँक्रीटचे स्लीपर आले. टिकाऊ, वजनदार, पण कडक. मग काय केलं असेल? रूळ आणि स्लीपर यांच्या मधे रबराची पट्टी घातली. उद्या बडनेऱ्याला फलाटावर उभे राहिलात तर रुळाच्या तळाशी बघा, काळी कड दिसेल. लाकडातून काढून घेतलेला मऊपणा रबरात परत द्यावा लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रबर मोटारीत कसं आलं

चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत शोधली. त्याआधीचं रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत तडकायचं. तरीही मोटारीच्या सांध्यांत रबर यायला बराच काळ गेला. सुरुवातीच्या मोटारींत पितळेचे नाहीतर पोलादाचे बुश असत आणि त्यांना दर थोड्या मैलांनी ग्रीस द्यावं लागे. बंडीचीच पद्धत.

१९२० च्या दशकात युरोपात 'सायलेंटब्लॉक' नावाचा रबरी बुश आला. एक बाहेरची नळी, एक आतली नळी, मधे दाबून बसवलेलं रबर. यात काहीच घसरत नाही, रबर फक्त पिळलं जातं आणि सरळ होतं. म्हणून वंगण नको. उलट तेल लागलं तर रबर खराब होतं. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर बसवलं आणि त्याला 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव देऊन जाहिराती केल्या. आपले मेकॅनिक आजही इंजिनाखालच्या त्या रबराला 'फाउंडेशन' म्हणतात. फाउंडेशन गेलं की इंजिन थरथरतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

डिफरन्शियलचं मात्र वेगळं. आपल्याकडच्या ॲम्बेसेडर, पद्मिनी, जीप या गाड्यांत डिफरन्शियल मागच्या अखंड ॲक्सलच्या पोटातच असायचं, आणि तो ॲक्सल कमानीच्या पाट्यांवर बसायचा. त्यामुळे आपल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांनी पाट्याचे बुश ढिगाने बदलले, पण डिफरन्शियलचा बुश हा प्रकारच त्यांच्यासमोर आला नाही. तीन गॅरेजांतून तीन उत्तरं का आली, त्याचं एक कारण हे.

मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलायला लागली तेव्हा डिफरन्शियल ॲक्सलमधून निघून वर आलं. आता ते कुठेतरी टांगायला हवं. १९६१ च्या जग्वार ई-टाइपमध्ये याचं सुंदर उदाहरण आहे. डिफरन्शियल पोलादी पिंजऱ्याला घट्ट बोल्टने बसवलेलं, आणि तो अख्खा पिंजरा गाडीच्या अंगाला रबराच्या माउंटिंगवर टांगलेला. म्हणजे आत ठोस, बाहेर मऊ. अशा वेगळ्या चौकटीलाच पुढे सगळे सबफ्रेम म्हणू लागले. नंतरच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही ठिकाणी रबर आलं: डिफरन्शियल आणि सबफ्रेमच्या मधे, आणि सबफ्रेम व बॉडीच्या मधे.

ठोस बुश नेमकं काय करतो

थोडा हिशेब करू. समजा इंजिन २०० न्यूटन-मीटर पिळ देतं. पहिल्या गिअरमध्ये तो चौपट झाला, ८००. डिफरन्शियलमध्ये आणखी साडेतीन पट, म्हणजे २८००. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला सुमारे २८५ किलो वजन लटकवावं, एवढा हा पिळ. जेवढ्या जोराने चाकं पुढे फिरवली जातात तेवढ्याच जोराने डिफरन्शियल स्वतः उलटं फिरू पाहतं, त्याचं नाक वर उठतं. त्याला धरून ठेवतात ते हे बुश.

रबर असेल तर ते आधी दबतं, मग जोर पुढे जातो. रबर जुनं, फाटलेलं असेल तर क्लच सोडताना मागून 'टक' आवाज येतो. जोरात निघताना चाक घसरलं की दबलेलं रबर सुटतं, चाक पकडतं, रबर पुन्हा दबतं, आणि मागचं टोक थाडथाड उड्या मारतं. सबफ्रेम दोनतीन मिलिमीटर जरी सरकली तरी दोन्ही मागची चाकं किंचित वळतात, आणि वळणावर चालवणाऱ्याला वाटतं की गाडी आपल्यामागून उशिरा येतेय. ठोस बुश टाकले की हे सगळं थांबतं. गाडी सांगितलेलं ताबडतोब ऐकते. पोराला हेच हवंय आणि ते खरंही आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या. सबफ्रेम आणि डिफरन्शियल यांना आपल्या जागेवर फिरायचं नसतं, नुसतं बसून राहायचं असतं. म्हणून तिथे ठोस धातू चालतो. चाकाच्या आर्म्सचे बुश मात्र दर खड्ड्याला फिरतात. तिथे ठोस बुश ठोकला तर आर्म अडकेल, तिथे बेअरिंगच लागतं.

पण मग तो रुळाखालचा प्रश्न परत येतो. रबर काढलं, धक्का कुठे गेला? एक, कानात. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घासताना जी बारीक शीळ निघते ती रबर गिळत होतं, आता ती थेट केबिनमध्ये येते. आणि ही तक्रार मुख्यतः डिफरन्शियलच्या बुशची. नुसत्या सबफ्रेमचे बुश ठोस केले तर आवाज त्यामानाने फारच कमी वाढतो. दोन, पत्र्यात. सबफ्रेम जिथे बॉडीला बोल्टने धरलेली असते तिथल्या पत्र्यावर प्रत्येक झटका पडतो. बीएमडब्ल्यूच्या १९९८ नंतरच्या ई४६ थ्री सिरीजमध्ये कंपनीचे रबरी बुश असतानाही मागच्या तळाच्या पत्र्याला या जागी तडे जात, हे जगभरच्या मालकांना माहीत आहे. म्हणून जाणकार आधी तिथे जाड पत्र्याचे तुकडे वेल्ड करून घेतात आणि मगच बुशला हात लावतात. तीन, बोल्टमध्ये. जुन्या गाडीची बॉडी मिलिमीटरभर वाकडी असेल तर रबर ते सांभाळून घेतं. ठोस बुश सांभाळत नाही, तो ताण कायमचा धरून ठेवतो.

आणि आपला रस्ता

आता शेवटचा मऊपणा बघू, रस्त्यातला. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची डांबरी लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याच डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तो आपल्या जिल्ह्यातून जातो. मिर्झापूरला बैल हाकणाऱ्यांना हे दाखवलं असतं तर त्यांना चमत्कार वाटला असता. असा रस्ता पायाखाली असला की ठोस बुशचा विचार तरी मनात येऊ शकतो.

पण महामार्ग सोडून गावाकडे वळलात की खाली पुन्हा तीच काळी माती. ती दरवर्षी फुगणार, आकसणार आणि वरचं डांबर लाटांसारखं करणार. शर्यतीचा ट्रॅक असा वागत नाही. ठोस बुश जन्माला आले ते ट्रॅकसाठी, जिथे गाडी अर्धा तास धावते आणि मग तिचा बोल्ट न् बोल्ट तपासला जातो.

त्या मुलाला मी शेवटी काय सांगितलं? आधी जुने रबरी बुश काढून बघ. ते बहुतेक फाटलेले असतील, आणि नुसतं नवं रबर टाकूनही अर्धी तक्रार जाईल. मग पत्रा तपास, तडा असेल तर आधी तो दुरुस्त कर. त्यानंतरही हवंच असेल तर सबफ्रेमला ठोस टाक आणि डिफरन्शियलला रबर राहू दे, किंवा मधला मार्ग म्हणून पॉलियुरेथेन घाल. जग्वारने नेमकं उलटं केलं होतं, पण मऊ एक आणि ठोस एक हा हिशेब तोच.

तो म्हणाला, "म्हणजे सर, अर्धंच?" मी म्हटलं, तुझी आई या गाडीत बसून अकोल्याहून शेगावला दर्शनाला जाणार आहे का? तो हसला, म्हणाला, जाणार. मग मी म्हटलं, तिच्यासाठी कुटार कुठे पसरणार ते आधी ठरव.

इथे थांबतो. मागच्या ओळीत ट्रॅक्टर दुरुस्त करणारे दोघं बसलेत, त्यांच्या हातांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.