तिसरा दिवा

स्कूबा डायव्हिंगसाठी टॉर्च घ्यायला गेलात, की दुकानदार आधी लुमेन सांगतो. हजार, दोन हजार, तीन हजार. आकडा जितका मोठा तितका दिवा चांगला, असं आपल्यालाही वाटू लागतं. पण पाण्याखालच्या दिव्याचा इतिहास पाहिलात, तर तिथला खरा प्रश्न वेगळाच दिसेल: दिवा विझला तर काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त छळत आला तो पाण्याने भरलेल्या गुहांत शिरणाऱ्यांना. समुद्रात दिवा गेला, तरी वर यायची वाट मोकळी असते. गुहेत डोक्यावर दगडाचं छत असतं. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या वूकी होल गुहेत १९३५ साली ग्रॅहॅम बाल्कम आणि त्यांच्या सोबत्यांनी बुड्या मारल्या. पुढे १९४६ साली बाल्कम यांनी केव्ह डायव्हिंग ग्रुप स्थापन केला. या मंडळींनी बुडी मारताना सोबत न्यायचं एक उपकरण बनवलं. त्यात दिवा, दोरीचं रीळ आणि होकायंत्र एकत्र बसवलेलं होतं. दिवा पुढचं दाखवतो, पण परतीची वाट दोरीच सांगते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

फ्लोरिडात हाच धडा फार महाग पडला. तिथल्या चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी काचेसारखं नितळ, त्यामुळे गुहा आत बोलावते. १९६० आणि १९७०च्या दशकांत तिथे अनेक जण बुडाले. दिवे बहुधा घरीच जोडलेले असत. शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याने अशा अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ ही पुस्तिका लिहिली. एकेका अपघातातून एकेक नियम, अशी तिची मांडणी. त्यातला एक नियम असा: प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे हवेत.

तीनच का? समजा, एक दिवा शंभरातल्या एका बुडीत दगा देतो. मग दोन्ही दिवे एकाच बुडीत जाण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि तिन्ही जाण्याची दहा लाखांत एक. पण हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा दिवे एकमेकांवर अवलंबून नसतात. तिन्ही एकाच चार्जरवर लावले आणि रात्री वीजच गेली, तर तीन दिव्यांचा एकच दिवा होतो. नियमाचा दुसरा भाग त्याहून मोलाचा आहे: एक दिवा गेला, की तिथूनच मागे फिरायचं. उरलेले दोन दिवे परतीसाठी असतात, पुढे जाण्यासाठी नव्हे.

त्याच फ्लोरिडातल्या पीकॉक स्प्रिंग्ज उद्यानात याच्या नेमका उलट वाटणारा नियम आहे. गुहेचं प्रशिक्षण नसलेल्या पाणबुड्याला तिथे दिवा न्यायलाच बंदी आहे. हातात दिवा नसला, की माणूस अंधाराच्या तोंडाशी आपोआप थांबतो. दिवा माणसाला वाचवतो, तसा भलत्या ठिकाणी नेतोही.

आजचे एलईडी दिवे जुन्या दिव्यांहून निश्चितच टिकाऊ आहेत. त्यांत तुटायला तार नाही. पण जुना दिवा विझण्याआधी हळूहळू पिवळा पडे आणि तशी सूचना देई. आजचे बरेच दिवे शेवटपर्यंत सारखेच उजळतात आणि मग एकदम मंदावतात किंवा विझतात. शिवाय पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग तशीच नाजूक आहे. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला, तरी पाणी आत शिरतं.

म्हणून रात्रीच्या बुडीसाठी दिवा घेताना लुमेन शेवटी विचारा. आधी विचारा, पूर्ण उजेडात तो किती वेळ चालतो. तो वेळ बुडीच्या दुप्पट तरी हवा. पाणी गढूळ असेल तर अरुंद झोत घ्या. पसरट झोतात पाण्यातले कण उजळतात आणि धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखं होतं. बटण हातमोजे घालून दाबून पाहा. आणि त्याच पैशांत एका महागड्या दिव्याऐवजी दोन साधे येत असतील, तर दोन घ्या. त्यातला एक वेगळ्या प्रकारच्या बॅटरीवर चालणारा असू द्या.

गुहेत कधीच जाणार नसलात, तरी हा हिशेब तुमच्या कामाचा आहे. भरवसा एका दिव्यावर ठेवायचा नसतो. एक विझला तरी घरी पोचता येईल, अशा तयारीवर ठेवायचा असतो.