शिल्पशाळेतून दालनात : रोदँचा बाल्झाक

कलाकृती एकदा पुरी झाली म्हणजे ती कोठेही नेऊन ठेवली तरी तीच राहते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दगडाचा आकार गाडीत कमीजास्त होत नाही, मग जागा बदलल्याने काय बिघडणार? ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे तर ओग्युस्त रोदँ या फ्रेंच शिल्पकाराने घडविलेल्या, कादंबरीकार बाल्झाकच्या पुतळ्याची हकीगत मुळापासून पाहिली पाहिजे.

१८९१ मध्ये पॅरिसच्या साहित्यिकांच्या संस्थेने हे काम रोदँकडे सोपविले. एमिल झोला तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते. मुदत ठरली दीड वर्षाची; लागली सात वर्षे! बाल्झाक तर १८५० सालीच वारलेला. रोदँ त्याच्या तूरेन प्रांतात जाऊन तशा तोंडवळ्याची माणसे धुंडाळीत हिंडला. बाल्झाकच्या जुन्या शिंप्याकडून त्याच्या मापाचे कपडे शिवून घेतले. डोकी घडविली, सुटलेल्या पोटाचे नग्न देह घडविले. बाल्झाक रात्री लिहावयास बसे तो सैल झगा घालून; म्हणून रोदँने एक खराखुरा झगा प्लास्टरमध्ये बुचकळून मूर्तीवर पांघरला. पुढे झग्याच्या चुण्या कमी होत गेल्या, हात आत दडले, आणि उरला तो मागे रेललेला एक उंच उभार व त्यावरचे ते दांडगे डोके.

रोदँच्या शिल्पशाळेत सुटे हात, धडे, मुखवटे यांचा केवढा पसारा असे, हे तेथे जाऊन आलेल्यांनी लिहून ठेवले आहे. अशा पसाऱ्यात वावरणाऱ्याला झग्याखाली देह आहे हे निराळे सांगावे लागत नसे. सात वर्षांची खटपट त्याच्या डोळ्यांसमोर असे.

१८९८ च्या वसंतात ही प्लास्टरची मूर्ती वार्षिक प्रदर्शनात गेली. प्रदर्शनाची नेहमीची इमारत १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी पाडली जात होती. म्हणून त्या वर्षी ते ‘यंत्रांच्या दालनात’ भरले. १८८९ मध्ये यंत्रे मांडण्यासाठी लोखंड आणि काच यांचे उभारलेले हे दालन चारशे मीटरांहून अधिक लांब व सुमारे ११५ मीटर रुंद होते. पावणेतीन मीटरांच्या मूर्तीची त्यात काय कथा! वरच्या काचांतून सगळीकडे सारखा पसरणारा उजेड या मूर्तीला मारक ठरला असावा, असे आम्हांस वाटते. जिथे सावलीच पडत नाही तिथे तिचे खोल डोळे बोलणार कसे? लोक हसले. कोणी तिला बर्फाचा बाहुला म्हटले, कोणी प्लास्टरचे पोते. जवळच रोदँचे ‘चुंबन’ हे संगमरवरी शिल्प होते, त्याची मात्र वाहवा झाली. गंमत अशी की, बाल्झाकपुढे तेच आपल्याला ढिले वाटले, असे खुद्द रोदँने म्हटले आहे.

संस्थेने मूर्ती नाकारली. आम्ही या लोकांना सरसकट अरसिक म्हणणार नाही. त्यांनी मागितला होता चौकात उभारण्याजोगा ओळखीचा बाल्झाक. समोर आला तो कोणत्याही ओळखीवाचून. शिवाय ते वर्ष ड्रायफस प्रकरणाचे. मूर्ती विकत घेण्यासाठी वर्गणी गोळा होऊ लागली, पण सह्या करणाऱ्यांत ड्रायफसचे कैवारी पुष्कळ. तेव्हा आपला बाल्झाक त्या भांडणात ओढला जाईल या धास्तीने रोदँ मागे सरला. प्रदर्शनात मूर्तीला नुसत्या भिंती आणि छप्पर मिळत नाही, गावातला वादही चिकटतो. पुढे हे काम संस्थेने फाल्गिएर या शिल्पकाराला दिले व त्याचा बसलेला बाल्झाक १९०२ मध्ये उभा राहिला. त्या दोघा शिल्पकारांत मात्र वितुष्ट आले नाही. दोघांनी एकमेकांचे अर्धपुतळे केले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

नाकारलेली मूर्ती रोदँने आपल्या म्यूदाँच्या घरी नेली. १९०८ मध्ये एडवर्ड स्टायकेन या तरुण छायाचित्रकाराने ती उघड्यावर काढवून चांदण्या रात्री तिची छायाचित्रे घेतली. दिवसा पांढरेफटक दिसणारे प्लास्टर चांदण्यात गंभीर झाले. रात्री जागून लिहिणाऱ्या माणसाची मूर्ती अखेर रात्रीच दिसली! प्रदर्शनाने जे दडविले ते अंधाराने दाखविले. रोदँला ही छायाचित्रे फार आवडली.

रोदँ १९१७ मध्ये गेला. मूर्ती पॅरिसच्या रस्त्यावर आली ती १९३९ च्या जुलैत, माँपार्नास आणि रास्पाय हे मार्ग मिळतात तेथे, झाडांच्या सावलीत. ही मूर्ती ब्राँझची आहे, काळसर. आणि ब्राँझमधला बाल्झाक रोदँने कधी पाहिलाच नव्हता.