‘फास्टिंग’ आणि ‘ॲब्स्टिनन्स’ : दोन शब्द, दोन नियम

राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवसांसाठीच्या इंग्रजी सूचनांत ‘फास्टिंग’ आणि ‘ॲब्स्टिनन्स’ हे शब्द जोडीने येतात. मराठीत आपण दोहोंना सरसकट ‘उपवास’ म्हणतो व तेथेच घोटाळा होतो.

‘फास्टिंग’ म्हणजे आहाराचे प्रमाण घटविणे : दिवसातून एकच पूर्ण जेवण, सकाळ-संध्याकाळ अल्पसे खाणे. ‘ॲब्स्टिनन्स’ म्हणजे मांस वर्ज्य करणे. त्यात प्रमाणाचे बंधन नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम १२५२ नुसार मांसवर्जन १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, तर उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत बंधनकारक आहे. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजींना उपवासाची सक्ती नाही, मांसवर्जनाची मात्र आहे. म्हणून पहिल्यास ‘उपवास’ व दुसऱ्यास ‘मांसवर्जन’ म्हणावे, असे आम्ही सुचवितो.

तारापूरच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो. या नियमात मासळी मांसात मोडत नाही. परंतु जेथे मासळी हेच नित्याचे कालवण, तेथे मटणाऐवजी पापलेट खाल्ल्याने नियम पाळला जातो, त्याग घडत नाही. त्या दिवशी मासळीही सोडून तिचे पैसे गरजूंना दिले, तर आपले मांसवर्जन खरे प्रायश्चित्त ठरेल.