रेघेला नाव कोण देतं?

कलेच्या इतिहासातली पुष्कळ नावं समीक्षकांनी दिलेली आहेत. कलावंताला विचारून ती ठेवलेली नसतात, पण एकदा चिकटली की सुटत नाहीत. ‘मिनिमल आर्ट’ हे त्यातलंच एक.

जानेवारी १९६५ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड वॉलहाइम यांनी ‘आर्ट्स मॅगझीन’मध्ये याच शीर्षकाचा लेख लिहिला. ज्या वस्तूत कलावंताने घडवलेलं फारच थोडं दिसतं, तिला कला का म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. उदाहरणं होती मार्सेल द्युशाँ यांच्या तयार वस्तूंची आणि अ‍ॅड राइनहार्ट यांच्या जवळपास एकरंगी चित्रांची. आज जग ज्यांना मिनिमलिस्ट म्हणतं त्या डोनाल्ड जड, कार्ल आंद्रे, रॉबर्ट मॉरिस यांचा त्यात उल्लेखही नव्हता. नाव एकासाठी निघालं आणि दुसऱ्याच्या दारावर लागलं.

जड स्वतः समीक्षक होते आणि त्यांना हे नाव मान्य नव्हतं. १९६५ च्याच आपल्या लेखात त्यांनी म्हटलं, की ही नवी कामं चित्रही नाहीत आणि शिल्पही नाहीत. त्या निव्वळ वस्तू आहेत आणि त्यांच्याकडे वस्तू म्हणूनच पाहावं. दोन वर्षांनी, जून १९६७ मध्ये, मायकेल फ्राइड यांनी ‘आर्टफोरम’मध्ये यावर कडाडून हल्ला केला. त्यांचं म्हणणं असं, की खरी कलाकृती प्रेक्षक असो वा नसो, स्वतःत पूर्ण असते. या पेट्या आणि ठोकळे मात्र कुणीतरी खोलीत येऊन आपल्याभोवती फिरण्याची वाट पाहतात. याला त्यांनी नाटकीपणा म्हटलं. गंमत अशी, की पुढे या कलेच्या चाहत्यांनीही फ्राइड यांचं वर्णन अचूक मानलं. निकाल तेवढा उलटा दिला. विरोधकानेच सर्वांत नीट पाहिलं होतं.

१९९० मध्ये अ‍ॅना चेव्ह यांनी वेगळाच प्रश्न विचारला. कारखान्यात बनवून घेतलेलं पोलाद, थंड पृष्ठभाग, दबाव टाकणारा आकार ही तर उद्योगाची आणि सत्तेची भाषा. तिला तटस्थ कसं म्हणायचं?

त्याच १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला नसरीन मोहमदी वारल्या. जन्म १९३७, कराचीचा. बालपणीच कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, पुढे पॅरिस, आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. कागद, पेन्सिल, शाई आणि नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनची साधनं एवढ्यावर त्यांनी काम केलं. मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर हळूहळू ताबा सोडत असताना त्या केसासारख्या बारीक, सरळ रेघा ओढत राहिल्या. चित्रांना शीर्षक नाही, बहुतेकांवर तारीखही नाही.

मृत्यूनंतर त्यांची कीर्ती परदेशात पसरली. २००७ मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त त्यांची चित्रं लागली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं ‘मेट ब्रॉयर’ उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचंही होतं. मग लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न आला, की यांना कुठल्या खणात ठेवायचं? दोन सोपी उत्तरं तयार होती. एक म्हणजे अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्याशी तुलना. म्हणजे मूळ अमेरिकेत आणि इथं त्याची भारतीय आवृत्ती. दुसरं म्हणजे इस्लामी भूमिती आणि सूफी विरक्ती.

दोन्हींत काही तथ्य आहेच. मार्टिन यांच्या जाळीदार रेघांशी साम्य दिसतं. नसरीन यांनी फतेहपूर सिक्रीचे फोटोही काढले होते. पण त्यांनी समुद्रकिनारे, रस्ते आणि आधुनिक इमारतीही कॅमेऱ्यात टिपल्या. मग स्पष्टीकरण देताना सिक्रीच आधी का आठवते? जड यांच्या पेटीसमोर त्यांचा धर्म कुणी विचारत नाही. नसरीन हे नाव वाचलं की मात्र रेघेच्या आधी जाळीदार खिडकी दिसू लागते. महाराष्ट्रात मराठीतून लिहिणाऱ्या मुसलमानाला हा अनुभव नवा नाही. त्याने पावसावर लिहिलं तरी वाचक त्यात समाजाचं दुःख शोधतो.

याला उत्तर म्हणून चित्रकर्तीचं चरित्र पुसून टाका, असं मी म्हणत नाही. गीता कपूर यांनी नसरीनवर लिहिलेला निबंध ‘व्हेन वॉज मॉडर्निझम’ या त्यांच्या पुस्तकात आहे. त्याच्या शीर्षकातच त्यांनी त्याला शोकगीत म्हटलंय. उर्दूत आम्ही मर्सिया म्हणू. त्या नसरीनना ओळखत होत्या आणि ती ओळख लिखाणात आहे. पण मर्सिया एका माणसासाठी असतो. आणि त्या माणसाला खणात न कोंबताही त्याच्याविषयी लिहिता येतं, हे या निबंधाने दाखवलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. बीएडला आम्हाला शिकवलं होतं, की आधी कवीचा परिचय द्यावा, मग कविता. वर्गात मी आता क्रम उलटा ठेवतो. शेर फळ्यावर आधी येतो, शायराचं नाव, गाव आणि काळ नंतर. मुलांना आधी अवघड जातं. मग ती शब्दांकडे पाहू लागतात, कारण पाहायला दुसरं काही नसतं. परिचय नंतर येतो तेव्हा तो त्यांनी पाहिलेल्यात भर घालतो, त्याच्या जागी बसत नाही. नसरीन यांनी चित्रांना शीर्षकं दिली नाहीत, त्यामुळे तिथंही आपल्यापुढे आधी रेघच येते. समीक्षकानेही तिथूनच सुरुवात करावी.